लंघनाचा सल्ला

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

शेजारच्या हान्सनं गोठ्यात शिरताना मला दिलेले गमबूट दोन नंबर मोठे होते. इतिहासानं या अन्यायाची नोंद घ्यावी.

मांसासाठी पोसलेल्या त्याच्या बैलांच्या चरबीत कीटकनाशक सापडलंय, जुन्या कोठारातून चाऱ्यात उतरलेलं. ते कमी होईपर्यंत एकही बैल विकता येत नाही. असंच चाललं तर गोठा बंद. महिन्यापूर्वी मीच शहाणपणानं म्हणालो होतो, "थोडं लंघन घडव, विष निघून जाईल." आमच्या घरी प्रत्येक दुखण्यावर हाच उतारा. बिचाऱ्यानं चारा निम्मा केला.

आज जनावरांच्या डॉक्टरीणबाई नवा रिपोर्ट घेऊन आल्या. "चरबी आटली, विष तिथंच राहिलं. म्हणजे प्रमाण उलट वाढलं! स्वच्छ चारा भरपूर द्या, अंगानं भरू देत. उपाशी ठेवायची अक्कल कुणाची?"

हान्सनं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बुटांकडे पाहत राहिलो. एरवी जगाला टोमणे मारतो, मग जीभ तिथंच का अडकावी?

निघालो. दारापासून फताक फताक करत परत गेलो. "आल्झो, म्हणजे असं की, ती अक्कल माझी," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"गेनाऊ," हान्स म्हणाला; जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. "उद्या सहाला ये, चारा टाकायला."

बूट धुऊन जागेवर ठेवले.