जयवंताबाईंची वरची खोली

३ नोव्हेंबर
आले एकदाची आदिलाबादला! मैत्रिणींनी निरोप असा दिला, जणू मी काळ्या पाण्यावरच निघाले होते. कापूस कंपनीने बदली केली आहे. काही महिने काढायचे, बढती घ्यायची आणि पुण्याला परत. खोली गावाच्या मधोमध, जुन्या शिक्षक कॉलनीत. घरमालकीण जयवंताबाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. त्यांनी मोठ्या अभिमानाने 'सगळ्या सोयी' दाखवल्या. बाग म्हणजे एक गंजलेली घसरगुंडी, तिच्यावर कोणाच्या तरी गोधड्या वाळत घातलेल्या. वाचनालयात शिळी वर्तमानपत्रं आणि पेंगणारा ग्रंथपाल. नळाला दिवसाआड पाणी. ते आलं की अख्खी कॉलनी सण असल्यासारखी रस्त्यावर. असो. खोली हवेशीर आहे आणि हसायला भरपूर मिळेल.

६ नोव्हेंबर
यांची मराठी! 'काऊन', 'करून राह्यलो'... जयवंताबाईंनी जन्मभर शिकवलं तरी काय? मी वृषाली, तर कोपऱ्यावरचा किराणावाला, खुशाल त्याचं नाव, मला सुवर्णा म्हणतो. न मागता ज्वारीचं पीठ पिशवीत टाकलं. मी भाकरी खात नाही म्हटलं, तर हसला. "लहानपणापासून खाऊन राह्यली ना व?" पँट घातलेल्या सगळ्या मुली या लोकांना सारख्याच दिसत असाव्यात.

१० नोव्हेंबर
शेजारच्या सखूबाईसुद्धा सुवर्णा म्हणाल्या. बागेतले म्हातारेही. शेवटी जयवंताबाईंना विचारलं. सुवर्णा त्यांची मुलगी. कुठे असते ती? मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, वर राहते. वर तर मी राहते. त्यांच्यासमोर मी हसले. जिना चढताना हसू आलं नाही.

१२ नोव्हेंबर
जयवंताबाई आज मला 'तू' म्हणाल्या. परवापर्यंत 'तुमी' होतं. माझ्या हातात ताट दिलं आणि केसांवरून हात फिरवला. हात झटकायला हवा होता. झटकला नाही.

१४ नोव्हेंबर
ऑफिसात शिरू दिलं नाही. नागेश, माझ्या हाताखालचा कारकून, रोज माझ्यासमोर उभा राहणारा माणूस — तो सांगतो की वृषाली मॅडम राजीनामा देऊन काल पुण्याला गेल्या. वर मलाच विचारतो, "तुमी कोन?" ओळखपत्र त्याच्या तोंडासमोर धरलं. त्याने ते उलटं फिरवून मला दाखवलं. फोटोतली बाई मी नाही. नाव माझंच आहे.

१५ नोव्हेंबर
बसस्टँडवर गेले. कंडक्टरने तिकीट दिलं नाही. म्हणाला, जयवंता मॅडमची पोरगी ना तू, घरी जा, माय वाट पाहात असंल. बसमधल्या बायांनी हाताला धरून खाली उतरवलं. अगदी मायेने. रिक्षावाल्याने पत्ताही विचारला नाही.

१६ नोव्हेंबर
आईला फोन लावला. म्हणाली, वृषाली घरीच आहे, चहा घेते आहे, आपण कोण? मी रडत रडत सगळं सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, "कोण आहे गं, आई?" आवाज माझा. शुद्ध, जरासा तुसडा. आई म्हणाली, "कुठली तरी खेडवळ बाई आहे. काय बोलते, काही कळतच नाही."
फोन बंद.

१७ नोव्हेंबर
जयवंताबाईंनी सांगितलं. शांतपणे, माझे केस विंचरत. त्यांची सुवर्णा लहानपणीच गेली. तेव्हापासून वरच्या खोलीत येते ती सुवर्णाच होते. माझ्याआधीची नागपूरची होती. "ते बी लय रडली, माय. मंग तू आली, अन् ते तुई जागा घेऊन पुन्याले गेली."
कॉलनीला हे माहीत आहे. सगळ्यांना. खुशालला, सखूबाईंना — पाणी भरताना माझ्याकडे बघून हसतात ते —

१८
भाकरी खाल्ली. दोन. आईचा चेहरा आठवत नाही — पुण्यातली आई — घराच्या दाराचा रंग —

माझं नाव वृषाली. वृषाली. वृषाली.

खालून हाक येते आहे. सुवर्णा, पाणी आलं. जाणार नाही. ओ देणार नाही. हे लोक, यांची ही भाषा, मी यांच्यातली —
पुन्हा हाक.
मी तोंड दाबून धरलं आहे, तरी आवाज निघाला — 'आली व, माय' — हे मी नाही बोलून राह्य