तिसरी हाक

८ जाने. ९१, मंगळ. खमीस मुशैत

ऑफिसात सुमीचा फोन. दोन मिनिटं नुसती रडली. मग म्हणाली, "तुम्ही नेलंत त्याला, तुम्हीच परत पाठवा." त्याला म्हणजे अन्याला, तिच्या धाकट्या भावाला. सासूबाईंचा एकुलता एक. त्या म्हणे जेवत नाहीत, रेडिओवर युद्धाच्या मुदतीचं, पंधरा तारखेचं नाव निघालं की देवापुढे जाऊन बसतात. "निदान गॅसचा मास्क तरी मिळालाय का त्याला?" विचारत होती, तेवढ्यात लाइन गेली.

पाठवतो म्हटलं. म्हणायला काय जातंय! पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या तिजोरीत, आणि कफील चार दिवस गायब.

अन्या दिवसभर टवाळी करत असतो. पण विमान उठलं की हातातला घास खाली ठेवतो. लष्करी तळ आमच्या कॅम्पच्या अगदी पाठीशी. विमानं सारखी उठतात. पोरगं अर्धं झालंय.

९ जाने., बुध.

कफिलाचा पत्ता लागला. मिसाइलच्या भीतीने म्हातारी आई, बायकापोरं घेऊन गावी जाऊन बसलाय. गाव अब्हाच्या पुढे, कड्याखाली अर्ध्या उतारावर. जाताना तिजोरीतले आमचे पासपोर्टही घेऊन गेला. मागे जोखीम नको म्हणून! जोखीम कोणाची रे बाबा? तोंडात शिवी आली होती, पण ऑफिस होतं.

केरळचा क्लार्क चांगला माणूस. अन्याचा एक्झिटचा कागद टाइप करून दिला. कफिलाची सही आणि पासपोर्ट आणा, शिक्क्याचं मी बघतो, म्हणाला. पण गावी फोन नाही, आणि गारांच्या मारात दरड कोसळून गाडीरस्ता बंद. पायवाटेने उतरायचं. वाट दाखवायला कफिलाचा एक माणूस उद्या केरोसीन न्यायला वर येतोय.

मास्क वाटले. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना असेल त्यालाच. अन्याचा इकामा अजून झालेला नाही, म्हणून त्याला नाही. गॅस काय इकामा बघून नाकात शिरणार? माझा त्याला देऊ केला तर म्हणतो, "भावोजी, ह्यां घालून मी वांदरासारखो दिसतंय."

१० जाने., गुरु.

सकाळी टाकीच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. मुसफर आला, वाटाड्या. पन्नाशीचा, दाढी मेंदीने लाल, पायघोळ थोबवर मेंढीच्या कातड्याचा अंगरखा. आमचे बूट बघून पोट धरून हसला. मग एकदम गंभीर. मी पाय ठेवीन तिथेच पाय. धुकं आलं तर जागेवर बसायचं, मी हाक मारीन, तुम्ही ओ द्या. तीन-तीनदा बजावलं. अन्या मान डोलवत होता.

११ जाने., शुक्र. (कफिलाच्या गावी)

कंदिलाच्या उजेडात लिहितोय. अक्षर कसं येईल ते येवो.

जन्म गेला बर्फाची मशीनं दुरुस्त करण्यात. बर्फावरून चालायची पाळी आज आली, तीही सौदीत. गावाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

कड्याच्या काठापर्यंत टॅक्सी. पुढे घळीमागून घळ. गारा साचून, वरून पाणी वाहून सगळं थिजलेलं, काचेसारखं. मुसफरने आमच्या बुटांना सुतळीने गोणपाट बांधलं. त्याच्याकडे लोखंडी टोकाची काठी. ती हाणायची, खाच पाडायची, खाचेत पाय. पुढे तो, मग मी, मागे अन्या. डावीकडे कडा. उजवीकडे काहीच नाही. अन्याची बडबड पहिल्या घळीतच बंद पडली. दुसऱ्या घळीत डोक्यावरून विमानं गेली, इतक्या खालून की वरचे दगड सुटले. मागून "आये गो" ऐकू आलं.

मग धुकं. बघता बघता सगळं पांढरं. मागे वळलो तर अन्या नाही.

मुसफर म्हणाला, तू बस, आणि तोंड बंद. दोघं ओरडलो तर कोणाचा आवाज कुठून, कळायचं नाही. मग त्याने अरबीत हाक मारली, अन्याचं पूर्ण नाव घेऊन. "या अनंत!" थांबला. पुन्हा, "या अनंत!" काही नाही. बराच वेळ कान देऊन उभा होता. शेवटी हाताने खाली खूण केली. पडला. काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः बिनकाठीचा घळीत उतरला, त्याला शोधायला.

मी तसाच बसलेला. सुमीला काय सांगू? सासूबाईंना कुठल्या तोंडाने भेटू? सासूबाईंचा चेहराच समोर आला, आणि त्याबरोबर त्यांचा हात. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो होतो. तिन्हीसांजेला काजूच्या बागेतून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी ओ देणार, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "तिसरे हाकेशिवाय ओ देव नको. भुताक तिसरी हाक मारूक येना नाय." त्या घरात सगळ्यांना हेच बाळकडू.

आणि मुसफरने दोनच मारल्या होत्या.

उभा राहून बोंबललो, "अन्याऽऽ!"

"ओऽऽ!" लगेच. माझ्याच डोक्यावरून, जरा वरच्या खडकाआडून.

चार पायांवर चढत गेलो. खडकाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. एक गोणपाट सुटून गेलेलं. "मेल्या, जिवंत होतास तर ओ द्यायला काय झालं होतं?"

"तिसरी खंय मारल्यान त्यांनी? परमुलूख, असला धुक्यां. कोणाचो आवाज तो, माका काय म्हायत?"

एक ठेवून दिली. मग मिठी मारली. दोघंही रडलो, लाजायचं कशाला.

मुसफरला हाका मारमारून वर बोलावलं. आला तेव्हा गुडघा फुटलेला, थोब रक्ताने भिजलेला. माझ्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. अन्याकडे बघत राहिला. "जिन?" म्हणाला. "जिनच," म्हटलं. हसला नाही. म्हणाला, जिन आमच्या डोंगरातही आहेत, पण तू पहिल्या हाकेला ओ दे, माझा आता एकच गुडघा शिल्लक आहे. अन्याने छातीला हात लावून माफी मागितली, कबूल केलं. मला हळूच म्हणतो, "सांगलंय खरां, पण सवय अशी जातली काय?"

कफिलाने सही केली, कॉफी पाजली, अन्याचा पासपोर्ट दिला. माझ्या पासपोर्टचं विचारलं, तर म्हणतो, तो इथेच सुरक्षित आहे. बरं बाबा.

१२ जाने., शनि.

मुसफरनेच वर आणून सोडलं, गुडघ्याला डोक्यावरचा रुमाल बांधून. ऊन होतं, धुकं नाही. किती सांगितलं दुसऱ्या कुणाला पाठव, ऐकेना. म्हणे, मी खाली नेलं, मीच वर नेणार. काठावर अन्या त्याच्या पाया पडायला वाकला, तर बिचारा दचकून मागे सरला.

१४ जाने., सोम.

शिक्का झाला! क्लार्कने दोन दिवस खेटे घातले. पण पंधराच्या आतलं विमान काही मिळालं नाही. गुरुवारी संध्याकाळचं आहे, जेद्दाहून. बुधवारच्या बसने निघायचं. अन्या आज पोटभर जेवला. विमान उठलं तेव्हाही घास खाली ठेवला नाही.

१६ जाने., बुध.

बसस्टँडवर ही गर्दी. सगळे जेद्दाकडे. दुकानांच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या. पंधरा उलटली, काही झालं नाही, म्हणून काहीजण हसत होते. मला काही हसू येईना.

शेवटी अन्या माझा मास्क न्यायला तयार झाला. "बरां, द्या. आयेक दाखवतंय." ट्रंक टपावर चढवायची म्हणून मी मास्कची पिशवी बाकावर ठेवली. ट्रंक चढली, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करायला लागला, अन्याने वाकून नमस्कार केला आणि गर्दीत घुसला. तेव्हा बाकाकडे लक्ष गेलं. पिशवी तिथेच.

अन्या पायरीवर, पाठमोरा. "अन्या!" म्हटलं. वळला नाही. "अन्या!" नाही वळला.

तिसरी ओठांवर आली होती. तिसरीला तो नक्की वळला असता. पण माझीही आई होतीच ना, जाणाऱ्याला मागून हाक मारू नये म्हणून लहानपणी पाठीत धपाटे घालणारी. पोर एकदाचं निघालंय, आता अपशकुन नको, असं मनात आलं आणि गप्प बसलो. बस सुटली.

१७ जाने., गुरु.

पहाटेपर्यंत विमानं. एकामागून एक, भांडी वाजत होती. उजाडल्यावर रेडिओ. सुरू झालं. भोंगा दोनदा झाला, दोनदा मास्क चढवला. काचेतून भिंत बघत बसलो, आणि त्याच्या नाकावर काय असेल, ओला रुमाल तरी असेल का, हेच डोक्यात.

क्लार्क म्हणतो, जेद्दाचं एअरपोर्ट बंद, विमानं रद्द. दुसरा कोणी म्हणतो, बस वाटेतच थांबवल्यात. जेद्दाला फोन लागत नाही. मुकाट बसायचं नसतं, हे डोंगरात कळलं होतं मला. आणि नेमका काल मुकाट बसलो. गाढव.

१८ जाने., शुक्र.

दुपारी ऑफिसात सुमीचा फोन लागला. खरखर नुसती.

"अन्या निघाला?"

"बुधवारीच निघाला."

"खयसर आसा आता?"

"जेद्दाच्या वाटेवर."

"मास्क दिलात मां त्याका?"

"दिला," म्हटलं.

लाइन गेली. मास्क माझ्याच मांडीवर होता. क्लार्कने पाहिलं. मी बाहेर आलो, जेद्दाचा रस्ता जिकडे जातो तिकडे तोंड केलं आणि तिसरी हाक मारली, बेंबीच्या देठापासून. रस्त्यावरचा एक शिपाई थांबून बघायला लागला. बघू दे.