मामांच्या जागी मी

सौ. दैवशालाताईस,

मच्छिंद्रचा वाकून नमस्कार. भाऊजींची पाठ आता कशी आहे? इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त तुझे अण्णा, म्हणजे माझे मामा, माझ्याशी बोलत नाहीत. फोन केला असता, पण ते ओट्यावर बसून सगळं ऐकून राह्यलेत. म्हणून हे पत्र मंठ्याच्या बसच्या वाहकाकडे देतो आहे.

पंचायत समितीचं तिकीट मामांना मिळालं, हे तुला ठाऊकच आहे. मूळ उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर पक्षाची जागा रिकामी राहू नये, म्हणून एक पर्यायी उमेदवार देता येतो. आपल्या घरात पर्यायी म्हणजे मीच. मामांचे श्रावणी सोमवार मी धरायचो (त्यांना उपासानं पित्त व्हायचं), त्यांनी देवीला बोललेले दंडवत मी घालायचो, आणि तू ओल्या फडक्यानं माझे गुडघे पुसायचीस. पुण्य मात्र मामांच्या नावावर. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. खरं तर अभिमानच वाटायचा.

मामांचा अर्ज टिकला असता तर माझा आपोआप गळणार होता. तरी त्यांनी मला महादेवापुढं बेलभंडार उचलायला लावला. म्हणाले, "भाच्या, खुर्ची पाहून भल्याभल्यांचं मन फिरतं. बोल, मी उभा राहणार न्हाई." मी बोललो.

घोटाळा झाला तो सूचकामुळे. अर्जावर सही करायला मामांना सोमेश्वरकाकाच लागतात. आजवर मामा त्यांच्याच सहीवर उभे राहिले (आणि पडले), पण काकांच्या हाताला गुण आहे ही त्यांची श्रद्धा. सूचक आपल्याच गणाचा मतदार लागतो, आणि यंदा हद्दी बदलून काकांची वस्ती शेजारच्या गणात गेली. मामींनी हे आधीच सांगितलं, तर मामा म्हणाले, "हद्द बदलली, माणूस तर तोच हाय ना?" छाननीत साहेबांनी मतदारयादी पाहिली आणि अर्ज बाद केला. माझ्या सूचक मामी. त्यांचं नाव यादीत बराबर निघालं.

माघारीची मुदत परवा दुपारी तीनपर्यंत आहे. माघार घेतली तर आता दुसरं नाव देता येत नाही, मतदानयंत्रावर पक्षाचं चिन्हच राहणार नाही. न घ्यावी तर शपथ मोडते. मामी म्हणतात, "शपथ मामाच्या आड न येण्याची व्हती. आता ह्यो मामाच आडवा बसलाय."

मला सारखी ती जुनी निवडणूक आठवते. जीपमध्ये मागं आपण दोघं, भोंग्याची वायर माझ्या मांडीवर. मामा पडले, तरी त्यांनी आपल्याला अंबडच्या बाजारात जिलेबी खाऊ घातली आणि म्हणाले, "पडलो तर पडलो, फिरलो तर ऐटीत ना." तशी जिलेबी पुन्हा मिळाली नाही. त्या माणसाला दुखवून मला काही व्हायचं नाही. तू ये आणि त्यांचा होकार घे, नाहीतर मी माघारीवर सही करतो.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. येताना भाऊजींचा पांढरा नेहरू शर्ट इस्त्री करून आण. फोटोसाठी लागेल. (मोह म्हणून नाही.)

पुन्हा ता. क. शर्ट आणू नकोस. मामा आत्ताच बोलले. माघार घ्यायची नाही, महादेवाला दंडवत घालून शपथ सोडवून घ्यायची (घालणार मीच). नाव माझं, पण फलकावर फोटो त्यांचा, भाषणं त्यांची, जीपमध्ये पुढची जागाही त्यांची. तू मात्र ये. मागच्या सीटवर मला एकट्याला करमायचं नाही.