खुर्चीतला खळगा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडच्या ग्रंथालयात तुझा जम बसला, हे वाचून बरं वाटलं. इकडे तुझी मांजर, म्हणजे आमच्या मुकादमबाई, मजेत आहेत. दुकानाचा मालक कोण, हा प्रश्न आता उरलेला नाही. सोफे आणि खुर्च्या मी दुरुस्त करायच्या, पास बाईंनी करायच्या. तीन गिरक्या घेऊन झोपल्या तर माल गिऱ्हाइकाकडे जातो. पाठ फिरवून बसल्या तर काहीतरी घोळ आहे असं समजायचं.

परवा दातांच्या डॉक्टरांचं बाकडं तयार झालं. बाईंनी एक पंजा टेकवला, नाक मुरडलं आणि चालू पडल्या. मी वैतागून शिवण उसवली, तर आत माझी चार दिवस हरवलेली कात्री! पेशंटांचं नशीब थोर. तिचं कौतुक मात्र केलं नाही, आधीच शेफारली आहे.

संध्याकाळी मुकादमगिरी संपते. मग खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीत उजव्या बाजूला चिकटून झोपते, डावी अर्धी जागा रिकामी ठेवून. तुझी तिकडची वर्षाची नेमणूक एप्रिलअखेर संपते ना? सहज विचारलं.

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसत राहावा.
तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

कात्रीचं वाचून मी वाचनकक्षात मोठ्याने हसले. इतरांना गप्प करायचा पगार घेणारी बाई मी. सगळे टकामका बघत राहिले.

एक बातमी आहे. इथे मला कायम राहा म्हणताहेत. मार्चच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे. काम आवडीचं आहे, खोलीही बरी आहे. पण घरमालकीणबाईंना खिडकीत चिमणी बसलेली खपत नाही, मांजर तर दूरच. म्हणजे ती कायमची तुझ्याकडेच राहील. तुला काय वाटतं ते लिही. उगाच "तुझी इच्छा" असं लिहू नकोस. महत्त्वाच्या वेळी तोंड मिटून बसायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

वेळेवर जेवत जा. बाईंच्या पाठीवरून माझा हात फिरव.
तुझी ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

"तुझी इच्छा" असं चारदा लिहून चारदा फाडलं. शब्द सुचेनात, म्हणून हाताने जमेल ते करायला गेलो आणि घोटाळा करून बसलो. तुझी खुर्ची उघडली. नव्या स्प्रिंगा, नवा फोम, वर हिरवं कापड. तू आलीस की खूश होशील असं वाटलं. जुना काथ्या आणि कापूस कचऱ्याच्या गाडीत दिला.

बाई चढल्या, हुंगलं, उतरल्या. तेव्हापासून खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसून आहेत. आज तिसरा दिवस, अन्नाला तोंड लावलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना आजार काही सापडला नाही. मी दोनदा शिवण उसवून आत कात्री राहिली का तेही बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. दहा वर्षं तुम्ही दोघींनी बसून बसून त्या गादीत खळगा पाडला होता. मी त्याला बिघाड समजलो आणि दुरुस्त करून टाकला.

ताई, मी फार घाबरलोय. काय करू ते लगेच कळव.
धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

अरे शहाण्या, उपाशी मांजराला घेऊन पत्राची वाट बघू नकोस! रोज डॉक्टरांकडे ने, पिचकारीने भरवू देत. सोबत तातडीच्या टपालाने माझा तपकिरी स्वेटर पाठवते आहे. मुद्दाम धुतलेला नाही. तूही धुवायला जाऊ नकोस. खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेव.

रागावले आहे, पण तुझ्यावर फार वेळ रागावता येत नाही. तू स्वतः जेवतोस का, ते मात्र एका अक्षराने लिहिलेलं नाहीस.

उलट टपाली कळव, इकडे माझा जीव थाऱ्यावर नाही.
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाल्लं! काल दुपारी स्वेटर आला. बाईंनी त्यात तोंड खुपसलं आणि अर्धा तास पंजांनी तो मळत बसल्या. मग माझ्या तळहातावरून मूठभर मासळी खाल्ली. तोवर डॉक्टरांनी पिचकारीनेच जगवली. त्यांच्या मनगटावर तिने सह्या केल्या आहेत.

आता उजव्या बाजूला झोपते. डावीकडे स्वेटर. काल मी तो उचलून तिथे बसून पाहिलं. बाईंनी डोळे उघडले आणि वाकडं शिवलेल्या सोफ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. उठलो.

म्हणून आता सरळ लिहितो. ताई, तू परत ये. तुझ्याशिवाय मलाही घर खायला उठतं, आणि जेवणाचं विचारलंस तर तेही धड चाललेलं नाही. इतके दिवस मांजराआडून लिहीत होतो.

राग मानू नकोस, आणि उत्तराला उशीर करू नकोस.
तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

कायम राहायला आज नाही म्हणून कळवलं. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा भाऊ जेवत नाही असं सांगितलं. भाऊ किती वर्षांचा, असं त्यांनी काळजीने विचारलं. पन्नास म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

एप्रिल संपताच निघते. तोवर त्या खुर्चीला सुई लावायची नाही. नव्या गादीत खळगा पडायला पुन्हा दहा वर्षं लागणार, आणि ते काम त्या एवढ्याशा जिवाच्या एकट्याच्या वजनाने व्हायचं नाही.

दोघं पोटभर जेवा. बाकी भेटीत.
तुझी ताई