पंचवीस इंच उंचीची गाडी

रविवार, १४ सप्टेंबर २०२५. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. (दुकानातले घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, ती वजा करून.) हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी अंगणात गुडघे टेकून फाटकाची रुंदी सातव्यांदा मोजत होतो. चौऱ्याऐंशी इंच भरली. आधीच्या सहा वेळाही तेवढीच भरली होती.

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि तुमचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मामींनाही नमस्कार सांगावा. आम्ही इकडे बरे आहोत. ("मजेत" असे लिहिणार होतो, पण आई पत्र वाचल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही आणि न पटलेले शब्द खोडते.)

फोन न करता पत्र का, असे तुम्ही म्हणाल. फोनवर माझे पहिले वाक्य संपायच्या आत तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणता आणि मी मुद्द्यावर आलो की "ठेवतो" म्हणता. गेल्या महिन्यात कोणती गाडी घ्यावी असे मी विचारले, तेव्हा "चार चाकांची" एवढेच सांगून तुम्ही फोन ठेवलात. एकतीस वर्षे बस चालवून एकही ओरखडा न काढलेल्या माणसाचा सल्ला म्हणून तो मी वहीत उतरवून घेतला आहे. पण पाहिलेल्या चारही गाड्यांना तो सारखाच लागू पडल्यामुळे निवड पुढे सरकली नाही. (बस डेपोतल्या त्या जुन्या प्रसंगाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तुम्हीही उत्तरात लिहू नये.)

आता मूळ गोष्ट. आई पडली त्याला सोळा महिने झाले. खुब्याचे हाड जुळले, काठी सुटली, डॉक्टर म्हणाले, आता फिरा. पण फिरणार कसे? बसची पायरी तिला चढवत नाही आणि टॅक्सीत एकदा बसली की उठवत नाही. शेवटच्या तपासणीहून परतताना टॅक्सीवाल्याने आणि मी मिळून तिला विहिरीतून काढावे तसे बाहेर काढले. चार माणसे बघत उभी राहिली. घरात आल्यावर चप्पल काढता काढता ती म्हणाली, "झालं माझं जग बघून." तेव्हापासून ती फाटकाच्या बाहेर गेलेली नाही. तुमच्याकडे जाऊ या म्हटले तर म्हणते, "त्यालाच का नाही येववत? त्याचे पाय शाबूत आहेत." तुम्हाला विचारावे तर तुम्ही म्हणता, थोरली ती आहे, तिने बोलवावे. तुम्ही दोघे एकमेकांची विचारपूस माझ्याकडे करता आणि मी ती मधल्यामध्ये थोडी गोड करून पोचवतो. हे काम मी सोळा महिने बिनबोभाट केले आहे, पण माझा मूळ धंदा शिलाईचा आहे.

घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आई काज-बटणाला बसते ते उंच स्टूल तुम्हाला आठवत असेल. त्यावरून ती कुणाचाही हात न धरता उठते. रागावलेली असली तर वाक्याच्या मध्येच उठते. एप्रिलमध्ये एका दुपारी ती अशीच उठून माझ्या हातातली कात्री काढून घ्यायला आली (कॉलर उलटी कापत होतो) आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कात्री देऊन टाकली आणि स्टूल मोजले. पंचवीस इंच. म्हणजे ज्या गाडीची सीट जमिनीपासून पंचवीस इंचांवर, ती गाडी आईची. चौकशीअंती कळले, की बसइतक्या उंच नाहीत आणि टॅक्सीइतक्या खोल नाहीत अशा मधल्या गाड्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. (स्पेलिंग माहितीपत्रकाशी ताडून पाहिले आहे.)

मग मी दर सोमवारी, दुकान बंद असते त्या दिवशी, स्टूल घेऊन शोरूमच्या वाऱ्या सुरू केल्या. पहिल्या दिवशी काचेच्या दारातून स्टूलसकट आत शिरलो, तर तिथली विक्री करणारी मुलगी धावत आली आणि म्हणाली, "सर, बसायला आमच्याकडे खुर्च्या आहेत." मी म्हटले, हे बसायला नाही, तुलनेला आहे. ती फार समजूतदार मुलगी निघाली. तिसऱ्या सोमवारपासून मी दिसलो की ती स्वतःच स्टुलासाठी फरशीवर वर्तमानपत्र अंथरायची.

चारही गाड्यांची मापे मी गिऱ्हाइकांच्या वहीतच घेतली, कारण रकाने आयते होते. पहिली लाल. दिसायला देखणी, पण सीट अठ्ठावीस इंच, म्हणजे आईला तिथे बसायला आधी स्टूल लागले असते. दुसरी निळी, साडेबावीस इंच. जाहिरातीत ती डोंगर चढते, पण आमच्या घरी तिच्यातून आई बाहेर आली नसती. तिसरी पांढरी बरोबर पंचवीस भरली आणि मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीशी हस्तांदोलन केले. नंतर पाहतो तर दाराखालचा उंबरठा एवढा रुंद, की पाय उचलून वीतभर लांब टाकावा लागतो. आनंद परत घेतला. चौथी करडी. सीट सव्वापंचवीस, उंबरठा अरुंद, दार चांगले नव्वद अंशांत उघडणारे. पाव इंचाचा प्रश्नच नव्हता. वरचा पाव इंच गादीचा होता आणि तो आई बसली की दबणार होता.

सीट सोडून बाकीच्या गोष्टीही पाहिल्याच. सहा एअरबॅगा आहेत, असे ती मुलगी म्हणाली. मी विचारले, कापड कोणते, आणि शिलाई एकेरी की दुहेरी? तिला माहीत नव्हते. तिने मुख्य कार्यालयाला फोन लावला. उत्तर अजून यायचे आहे. वरच्या मॉडेलला छतात उघडणारी काच असते आणि तिचे पैसे वेगळे पडतात, हे मी आईला सांगितले. आई म्हणाली, "आपलं छत गळतं म्हणून आपण पैसे खर्च करतो. हे लोक आधी भोक पाडतात आणि मग पैसे घेतात?" शेजारच्या दुकानातले घड्याळदुरुस्तीवाले काका रोज येऊन एकच विचारत, "विकताना किती येतील?" मी म्हणे, काका, अजून घेतलीच नाही. "म्हणून तर विचारतोय. घेतल्यावर कोण विचारतंय!"

प्रत्येक वेळी ती मुलगी किल्ली पुढे करून "सर, चालवून बघा ना" म्हणायची. मी शोरूमच्या ड्रायव्हरला चालवायला सांगून मागे बसायचो, कारण मागून मापे नीट घेता येतात. (एकदा पोट बिघडले होते आणि एकदा चष्मा घरी राहिला होता.)

करडी मनात भरली. राहिला प्रश्न फाटकाचा. गाडी रस्त्यावर ठेवली तर आईला तिच्यापर्यंत खाचखळग्यांतून चालावे लागेल, म्हणजे सगळे मुसळ केरात. गाडी अंगणात, पायरीपाशीच यायला हवी. आता नुसते आकडे कागदावर मांडून माझे समाधान होत नाही हे तुम्ही जाणताच. म्हणून मी आपल्या रीतीने गेलो. खाकी कागदाचा मोठा रोल आणला, ताव जोडले, खडूने आखले आणि गाडीचा पूर्ण मापाचा नमुना कापला. आरशांसकट. अंगणात पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दोन इस्त्र्या, कात्री आणि दळणाचा डबा ठेवला. घड्याळवाले काका त्याला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मायलेज काय देते?"

मग नमुना उचलून फाटकाशी नेला. पंच्याऐंशी इंच. फाटक चौऱ्याऐंशी. एका इंचासाठी! फाटकाचा एक खांब शेजाऱ्यांच्या भिंतीत आणि दुसरा आमच्या पाण्याच्या टाकीत, कुठे सरकवणार? मी पाच महिन्यांची वही उघडली, करडीवरही काट मारली आणि कोटाला अस्तर लावायला बसलो. त्या दिवशी मी अस्तर उलटे लावले. आईने काही विचारले नाही, यावरून तिला सगळे कळले होते हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात स्टूल टाकून बसली होती आणि गुंडाळलेल्या नमुन्याची कड बोटांत धरून बघत होती.

"ही माया आहे का रे?"

शिवणीसाठी जे जादा कापड सोडतात त्याला आमच्यात माया म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. मी म्हटले, हो, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच.

"तीन?"

मी म्हटले, आपण शाळेचे गणवेश शिवतो ना, मुले वाढतात, म्हणून तीन सोडायची सवय आहे.

आईने नमुन्याची कड सोडून दिली. मग म्हणाली, "आणि ही गाडी काय पुढच्या वर्षी सातवीत जाणार आहे?"

मामा, मी कात्री आणून सहा इंच कापले. एकोणऐंशी राहिले. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच मोकळे! शोरूममध्ये फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "सर, आरसे मिटतात. बटण आहे." हे तिने पाच महिने सांगितले नव्हते, कारण मी पाच महिने विचारले नव्हते.

परवा ती मुलगी गाडी दाखवायला घरी घेऊन आली. शोरूमचा ड्रायव्हर फाटक बघून म्हणाला, "आत नाही नेणार. गाडीला खरचटलं तर पगारातून जातील." म्हणून गाडी फाटकाच्या तोंडाशीच उभी केली. आई गाडीकडे पाठ करून उभी राहिली, मागे टेकली, बसली आणि दोन्ही पाय एकामागून एक आत घेतले. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तो तुझ्याकडेच ठेव." मग उतरली. मग पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा पट्टा लावून घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, एक चक्कर मारू." मी स्टूल हातात घेऊन फाटकात उभा. एका चकरेला बेचाळीस मिनिटे लागली. परत आली ती सांगत, की कोपऱ्यावरची बेकरी बंद पडली, तळ्याला कठडा केला, आणि कुणी मला सांगितलं का नाही. सोळा महिन्यांत मी तिला इतके बोलताना ऐकले नव्हते. दुपारी मी बुकिंग करून आलो. शनिवारी, २७ तारखेला गाडी घरी येईल.

तर असे आहे. सगळे मार्गी लागले, चिंतेचे काही कारण नाही, तुम्हाला फक्त आनंदाची बातमी कळवावी एवढाच हेतू. प्रकृतीला जपावे.

तुमचा आज्ञाधारक भाचा
(ज्याला तुम्ही इंचपट्टी म्हणता तो)

ता. क. चिंतेचे एक कारण आहे. मला गाडी चालवता येत नाही. पोट बिघडले नव्हते आणि चष्मा खिशातच होता. शिकाऊ परवाना काढला आहे, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. पण फाटकातून अडीच-अडीच इंच सोडून गाडी आत घालणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे आणि त्याचा गुडघा दुखतो.

ता. क. २. डेपोतल्या प्रसंगाबद्दल लिहावेच लागते. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तुम्ही "ब्रेक" म्हणालात, मी ब्रेक दाबला. तुम्ही "खांबाला लागेल का बघ" म्हणालात, मी बस चालू ठेवून टेप घेऊन खाली उतरलो. बस माझ्या मागून आली यात चूक माझी होती. तुम्ही तेव्हा म्हणालात, "तू शिलाईच कर," ते मी अकरा वर्षे पाळले. आता ते मागे घ्यावे अशी विनंती आहे. टेप घरी ठेवून येईन.

ता. क. ३. (हे आईच्या हातचे आहे.) भाऊ, हा तुला बोलावतो आहे, मी काही निरोप दिलेला नाही. पण आलास तर शुक्रवारीच ये, शनिवारी घाई होईल. त्याच्यावर ओरडायचं नाही. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, मी पुढेच बसणार आहे.

आजपर्यंतचा हिशेब:
खाकी कागद, एक रोल (सहा इंच वाया) — ४४०
शोरूमच्या फेऱ्या, बसभाडे (एका कंडक्टरने स्टुलाचे अर्धे तिकीट घेतले) — २८०
बुकिंग — १०,०००
तुमचे इकडे येण्याचे तिकीट, सोबत जोडले आहे — ३१०
एकूण — ११,०३०
देणे: बँकेचे पाच वर्षांचे हप्ते, पहिला ५ ऑक्टोबरला.
तुमचे परतीचे तिकीट: काढलेले नाही. तुम्हाला घरी सोडायला आम्ही दोघे येणार आहोत. आई म्हणते, राहायच्या तयारीने.