चुकून उभी राहिले त्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आधी एकोणीस वर्षे बस कंडक्टर आणि नंतर आमदार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला मुलगी काल येऊन गेली. तिला चहा पाजून परत पाठवले.

एक. राहते घर, दोन खोल्या आणि गच्ची, मुलाला. कुठे गळते ते त्याला ठाऊक आहे, तेव्हा मागाहून कुरकुर चालणार नाही. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना समान.

दोन. माझी चामड्याची बॅग आणि तिकिटांचा पंच जुन्या आगारातल्या कंडक्टर मुलींना. आता मशीन आहे, तरी पंच एकदा हातात धरून बघावा.

तीन. "तिकिटं फाडणारी बाई कायदे काय करणार?" असे थोरल्या दिरांनी चारचौघांत विचारले होते. विधानसभेतली माझी सगळी भाषणे बांधून ठेवली आहेत, ती त्यांना द्यावीत. दिसत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावीत.

चार. हे कलम सावकाश वाचावे.

त्या सभागृहाइतक्या उंच छताखाली मी कधी बसले नव्हते. पहिल्या दिवशी खुर्चीला नुसता हात लावून उभी राहिले. इतक्या लोकांनी मला इथे पाठवले, या विचाराने बसायचा धीर होईना. तो दरारा शेवटच्या दिवसापर्यंत गेला नाही.

डोंगरापलीकडच्या वस्त्यांसाठी प्रसूतिगृह बांधावे, असा ठराव विरोधकांनी आणला. समर्थकांनी उभे राहायचे, विरोध करणाऱ्यांनी बसून राहायचे. आम्हाला पक्षाचा आदेश बसून राहण्याचा. त्या घाटात माझ्या बसमध्ये दोन बाळंतपणे झाली होती, त्यातले एक बाळ वाचले नाही. तरीही मी बसूनच राहणार होते. आदेश मोडला तर आमदारकी जाणार होती आणि मी घाबरले होते.

मोजणी सुरू झाली आणि विरोधकांतले सर्वांत वयस्क सदस्य काठी टेकत, धापा टाकत आत आले. वयामुळे त्यांना बसून हात वर करण्याची मुभा होती, पण त्यांची जागा पार पलीकडे. माझी दारालगत. बसमध्ये म्हातारे माणूस चढले की आधी आपली जागा द्यायची, ही माझी रीत. मी उठले. त्यांना बसवले. मोजणारा माझ्यासमोरून गेला. मला धरून ठराव एका मताने पुढे होता.

अध्यक्षांनी विचारले, "सदस्या, आपण समर्थनार्थ उभ्या आहात का?"

मागून पक्षप्रमुख कुजबुजले, "बाई, चुकून उठले म्हणा अन् बसा खाली."

म्हातारबा हळूच म्हणाले, "मी उठतो हवं तर. जागा तुमची आहे."

"राहू द्या, बसा तुम्ही," मी म्हणाले. आणि अध्यक्षांना म्हणाले, "हो."

उभी मी चुकून राहिले. तो 'हो' कुठून आला, ते मला आजतागायत कळलेले नाही. आमदारकी गेली, पोटनिवडणुकीत लोकांनी परत दिली. प्रसूतिगृह उभे राहिले तेव्हा मी त्याच्या भिंतीला हात लावून पाहिला. आतून रडण्याचा आवाज आला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

पाच. पक्षप्रमुखांना मी माफ केलेले नाही. पण त्यांच्या सुनेचे बाळंतपण तिथेच सुखरूप झाले, म्हणून हा विषय मिटला.

सहा. मुलगी आता निवडणूक लढवते आहे. 'न डगमगता उभी राहिलेली आई' असे तिच्या फलकांवर लिहिले आहे. "आई, लोकांना तीच आई हवी आहे. तू आता काही बोलू नकोस," असे ती काल म्हणाली. माझ्या शोकसभेत कलम चार वाचावे, आणि ते तिनेच वाचावे. त्याने ती पडेलही. पण समोर बसलेल्यांत एखादे माझ्यासारखेच घाबरलेले असेल, त्याला हे ठाऊक असायला हवे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १६ मार्च
लिहून ठेवणारी: सही

साक्षीदार एक: डॉक्टर. मी भानावर असल्याची खात्री त्यांनी केली. सही.

साक्षीदार दोन: त्या प्रसूतिगृहात जन्मलेली पहिली मुलगी, वय एकतीस, धंदा शिवणकाम. सही करण्याआधी कलम चार वाचून तिने मला विचारले, "आजी, तुम्ही बसून राहिला असतात तर?" मी तिचा हात धरला. त्यामुळे तिची सही वाकडी आली आहे. ती ग्राह्य धरावी.