तोत्तोरीला, सुमेधकडे

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ओसाकाहून तोत्तोरीची बस. खिडकीजवळची जागा. एस.टी.त कंडक्टर म्हणून इतकी वर्षं उभ्याने काढली, आज नुसतं बसायचं तर हातांचं काय करावं कळत नाही. गाडी भरलेली, पण आवाज नाही. आमच्या गाडीत एवढ्या माणसांत मेडशीच्या थांब्यापर्यंत दोन भांडणं तरी झाली असती. डोंगर, बोगदा, परत डोंगर.

आईला सांगून आलेय की सुमेधचा पाय मोडला, रॉड टाकलाय, एकटा पडलाय, धाकट्या भावाला बघून येते. खरं म्हणजे सायकलला गाडीने उडवलं, डोक्याला मार, तेव्हापासून शुद्ध नाही. बाबा गेले तेव्हा आईची काय दशा झाली ते पाहिलंय. म्हणून पाय.

पिशवीत तिने दिलेली जवसाची चटणी. "तिथं मिळमिळीत खाऊन कटाळला असन तो."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सु.ला पाहिलं. नळीने श्वास, नळीने अन्न. नखं मात्र नीट कापलेली. सरिता म्हणाली, "दीदी, मैंने काटे." ही नेपाळची, त्याच्याबरोबर वृद्धाश्रमात कामाला. माझं सगळं तिच्या हिंदीवर चाललंय. डॉक्टर सावकाश बोलले, तिने तितकंच सावकाश सांगितलं. शुद्धीवर येईल अशी आशा नाही. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, सोमवारी घरच्यांनी सांगावं.

घरचे म्हणजे कोण? मी आणि आई. आणि आईसाठी अजून पायच मोडलाय.

परतताना सिटी बसमध्ये चढून बसले, तिकीट द्यायला कुणी येईल म्हणून वाट बघत. कुणी आलंच नाही. चढताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची असते म्हणे. उतरताना ड्रायव्हरच माफी मागत माझ्यापुढे वाकला, चूक माझी असून. कंडक्टर आणि विनातिकीट! सु. असता तर वर्षभर चिडवलं असतं. तिथेच रस्त्यात रडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईचा फोन. खुशीत.

"शिरपूरचं स्थळ हाय. पोरगी नर्सिंग शिकेल हाय. उद्या पाव्हणे येऊन राह्यले. फोनवर पोराचं तोंड दाखवजो त्याइले."

म्हटलं, पाय तर बरा होऊ दे.

"पाय मोडला, तोंड तं नाही मोडलं! पायाचं त्याइले सांगतलंच नाही म्या. कायले आडवी येऊन राह्यली?"

माझंच खोटं माझ्याच गळ्यात. उद्या कुणाच्या तरी लेकीचा बाप आमच्या घरी येऊन बसणार. सांगायलाच हवं होतं. "आई" म्हटलंसुद्धा, पण ती पोह्यांना शेंगदाणे आहेत की नाहीत ते बघायला उठली. आणि मला बरंच वाटलं. घाबरट आहे मी, दुसरं काय.

सरिता म्हणते, बता दो दीदी. तिचं बरोबर आहे, पण…

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर होते. आत जायचं धाडस होईना. फोन वाजला, व्हिडिओ. आई ठेवणीतल्या साडीत. मागे बुद्धाच्या तसबिरीखाली मुलीचा बाप आणि मामा, हातात पोह्यांच्या प्लेटा.

"हं, दे त्याले."

मी फोन तसाच धरून राहिले. तोंड बाजूला करावं, तेही सुचलं नाही. आई बघत राहिली. मग उठली, आतल्या खोलीत आली. फोन एवढा जवळ धरला की नुसते डोळे दिसत होते.

"पाय नाही ना?" अगदी हळू.

मान हलवली.

"हाय ना पन तो?"

काय सांगू? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. मी सांगायला लागले, मशीन... डॉक्टर... तिने हात वर केला. थांब.

फोन खाली गेला. छपराचे पत्रे दिसले घराच्या. मग बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज, नेहमीसारखा, उलट जरा मोठाच.

"पोरगा ड्युटीवर गेला म्हन्ते. लई कामाचा हाय माया पोरगा. तुमी चहा घ्या ना भाऊ."

फोन तिने बंद केला नाही, मीही नाही. कपबशा वाजत होत्या. कुणीतरी सु.ला पगार किती ते विचारत होतं आणि आई सांगत होती. बस आली, दार उघडलं, मी चढले नाही, गेली.

उद्या डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.